माझे एकशे सतरावे पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपऱ्यावर चहाचा डाग. पण मला साधीसुधी समजू नका. एका अंतराळ-मालिकेचे सगळे जग माझ्या पोटात आहे. कोणत्या ग्रहाला किती चंद्र, यानाचा दरवाजा डावीकडे उघडतो की उजवीकडे, सगळे माझ्यात सापडेल.

मालिकेचे लेखक दर रविवारी सकाळी मला मांडीवर घेऊन बसत. प्रेक्षकांची पत्रे वाचत आणि फोन करून त्यांच्या प्रश्नांची उत्तरे देत. त्यांचा एक नियम होता. दिलेले उत्तर माझ्यात उतरवायचे, आणि एकदा उतरवले की बदलायचे नाही. कोणी हुज्जत घातली की ते म्हणत, "वहीत आहे." विषय संपला. खरे सांगते, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

एके रविवारी एका आईचे पत्र आले. मालिकेतला यानावरचा मिस्त्री दूरच्या तळावर एकटाच मागे राहिला होता. "तो परत येईल का? आमचे हे मालवाहू जहाजावर मिस्त्री आहेत. सहा महिने घरी आले नाहीत. मालिका बघून धाकटी रोज विचारते."

लेखकांनी लगेच फोन लावला. "येणार म्हणजे येणार. वहीत आहे, सांगा तिला." आणि माझ्या एकशे सतराव्या पानावर तसे लिहून खाली रेघही ओढली.

पुढच्याच महिन्यात मिस्त्रीचे काम करणारा नट दुसऱ्या मालिकेत गेला. निर्मात्यांनी निरोप दिला, "मारून टाका त्याला. तळच उडवून द्या." लेखक दोन दिवस येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडले आणि ते पान टरकन फाडले. माझी शिवण उसवली. मी नुसती फडफडले, दुसरे काय करणार?

तो भाग दाखवला गेला. पाठोपाठ त्याच घरून पत्र आले, या वेळी वेड्यावाकड्या अक्षरात. "लेखककाका, मिस्त्री परत येणार असं वहीत होतं ना? ताई म्हणते, आईने मला उगी करायला थाप मारली. मग बाबा येणार म्हणते, तीपण थापच का?"

लेखकांच्या पत्नीने पत्र दोनदा वाचले. "अहो, खरं सांगून टाका. बदलायला लावलं म्हणावं."

"अगं, वहीतलं पान फाडता येतं हे एकदा कळलं, की माझ्या कुठल्या उत्तरावर लोक विश्वास ठेवतील?"

त्यांनी फोन लावला. धाकटीनेच उचलला. लेखकांनी मला समोर धरले. "नाही बाळा. वहीत तसं काहीच नाही. आत्ता उघडी आहे बघ माझ्यापुढे."

"बरं," ती म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता तिचा आवाज आला, "ताई, तूच खरी होतीस."

मित्रांनो, वह्या जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढेच मागते. दिलेला शब्द मोडावा लागला, तर ज्याला दिला त्याला जाऊन सांगा, पान फाडू नका. त्या घरात आज एक आई खोटी ठरली आहे. ती खरे बोलली होती, हे मला ओरडून सांगायचे आहे, पण मला तोंड नाही.