काजळ्याची चाल

काजळ्या हा त्या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला खलनायक. काळाकुट्ट ड्रॅगन. पहिल्या भागात तो उडायचा, आग ओकायचा आणि शेवटी नायकाच्या भाल्याने मरायचा. गेम तुफान चालला, तेव्हा कंपनीने दुसऱ्या भागात त्याला पुन्हा उभा केला. मेलेल्याला जिवंत करायला लेखकाला दोन संवाद पुरले. पण या खेपेला लोक त्याला हसले. कुणी त्याला रबरी म्हणालं, कुणी पतंग. एकाने तर लिहिलं, की काजळ्या आला की मी चहा ठेवून येतो.

म्हणून तिसऱ्या भागाच्या पहिल्याच बैठकीत प्रमुखाने जाहीर केलं, "या वेळी तो उडणार नाही. म्हातारा झालाय, पंख फाटलेत. तो चालत येईल. आणि नुसता चालत येतोय हे बघून लोकांची पाचावर धारण बसली पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्यांनी ठकूकडे पाहिलं.

ठकू ॲनिमेटर होती. काजळ्याचं चित्र एकाने काढलेलं, आवाज दुसऱ्याचा, पण त्याला हलवायचं काम तिचं. ठकू हे तिचं घरचं नाव. एकदा बैठक चालू असताना वडिलांचा फोन चुकून स्पीकरवर लागला, "ठकू, माझा चष्मा कुठंय?" आणि तेव्हापासून ऑफिसातही तेच नाव झालं.

तिने हत्तींचे व्हिडिओ बघितले, सुसरींचे बघितले, मालाने भरलेल्या बैलगाडीचेही बघितले. काजळ्या कधी हत्तीसारखा गरीब दिसायचा, कधी सुसरीसारखा आळशी. प्रमुख खुर्चीच्या मागे उभा राहायचा, थोडा वेळ बघायचा आणि म्हणायचा, "गाय आहे." दुसऱ्या दिवशी, "अजून गायच आहे. जरा मोठी."

घरी ती आणि वडील दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांचा सगळा जन्म लोखंड वितळवणाऱ्या फौंड्रीत गेला, तिथे ते फोरमन होते. कामगार त्यांना पाठीमागे 'भट्टी' म्हणायचे आणि तोंडावर काहीच म्हणायचे नाहीत, कारण तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. घरात त्यांनी कधी हात उगारला नव्हता; त्याची गरजच पडली नाही. जिन्यात त्यांचा बूट वाजला की ठकू आपोआप पुस्तक उघडून बसायची. त्याच वडिलांचं आता बाथरूममध्ये पाय घसरून डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, वॉकर आला आणि गेला, व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायला लागल्या, आणि ते घरातल्या घरात चालायला लागले होते.

एका रविवारी ठकू स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. वडील त्यांच्या खोलीतून निघाले. दाराशी आले आणि थांबले. उजव्या अंगठ्याने भुवई खाजवली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ पाहिलं, जणू आज कोणती तारीख आहे हा मोठाच प्रश्न होता. मग डावा पाय टाकला, सावकाश, आणि तो टाकून झाल्यावर चेहरा असा केला की जसं काही झालंच नाही.

ठकूची सुरी हातातच राहिली. ते थांबले तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं होतं: आता काय होणार? पडतात की काय? त्या थांबण्यात जी भीती होती, ती आगीच्या लोळात कधीच नव्हती.

"बाबा, परत एकदा चाला ना," ती म्हणाली. "व्हिडिओ घेते. फिजिओबाईंना दाखवायला."

"त्या बाईला काय दाखवायचंय? ती येतेच की उठसूट."

"घेऊ दे हो."

ते चालले. कॅमेऱ्यासमोर जरा ताठ चालले, म्हणून तिने मोबाइल भाजीच्या टोपलीला टेकवून चालूच ठेवला आणि ते पाण्यासाठी परत आले तेव्हाची चाल घेतली. फिजिओबाईंना तो व्हिडिओ तिने दाखवला नाही. तो दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गेला.

थोड्याच आठवड्यांत काजळ्या चालायला लागला. मोठ्या दगडी दालनाच्या दाराशी यायचा, थांबायचा, फाटक्या पंखाच्या नखाने भुवई खाजवायचा, वर झुंबराकडे पाहायचा, आणि मग मागचा डावा पाय आत टाकायचा. प्रमुखाने बघितलं. परत लावायला सांगितलं. मग म्हणाला, "ही गाय नाही." एवढंच. पण त्याने जाऊन सगळ्या मजल्याला बोलावून आणलं.

कंपनीने तेवढाच तुकडा लोकांसाठी इंटरनेटवर सोडला आणि दोन दिवस त्याच्याशिवाय कुणी काही बोलेना. काजळ्या झुंबराकडे का बघतो, यावर पैजा लागल्या.

फिजिओबाई पंचेचाळिशीच्या, दणकट, बोलायला फटकळ. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याच्या शेजारी बसून त्या गेम खेळायच्या आणि नवऱ्याला हरवायच्या, हे ठकूला माहीत नव्हतं. ठकू 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करते, यापलीकडे बाईंनाही काही माहीत नव्हतं. त्या सकाळी ठकू कामावर निघायच्या तयारीत होती आणि बाई वडिलांकडून पाय उचलण्याचा व्यायाम करून घेत होत्या.

"काका, दुखतं का?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही म्हटलं ना."

"बरं. मग एक गंमत दाखवते." बाईंनी मोबाइल काढला. "हा बघा ड्रॅगन. सगळे म्हणतात काय रुबाब आहे. रुबाब कसला? याचा डावा खुबा दुखतोय. पाय टाकायची हिंमत होत नाही, म्हणून झुंबर बघायचं सोंग करतोय. असली माणसं मला रोज भेटतात. दुखतं म्हणायला त्यांना लाज वाटते. असं चालायचं नाही, काका."

ठकूचा एक पाय बुटात होता. ती तशीच उभी राहिली.

वडिलांनी मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. "परत लाव." बाईंनी लावलं. काजळ्याने भुवई खाजवली. वडिलांचा उजवा अंगठा भुवईकडे निघाला होता, तो अर्ध्यात थांबला.

"हा मी आहे," ते म्हणाले.

बाई हसल्या. मग त्यांनी ठकूचा चेहरा पाहिला आणि हसायच्या थांबल्या.

"ठकू," वडील म्हणाले, "नाव उगाच नाही पडलं तुझं. व्हिडिओ म्हणे फिजिओबाईंना दाखवायला, नाही का?"

"बाबा, मी सांगणार होते..."

"कधी? माझ्या तेराव्याला?"

बाई मात्र आता कामाला लागल्या होत्या. "काका, तुम्ही माझ्यासमोर असं चालत नाही. उठा, चालून दाखवा." वडील उठले आणि भिंतीपर्यंत जाऊन आले. शिपाई संचलनात चालतो तसे. "असं नाही," बाई म्हणाल्या, "मी नसताना चालता तसं."

"मी असाच चालतो."

"मग तो व्हिडिओ दाखव गं मला. खरा."

"दाखवायचा नाही," वडील म्हणाले.

ठकूने मोबाइल काढला. तिला बाईंना तो द्यायचा होता; हात तिकडे गेलाही होता. पण एकदा ती वडिलांना न विचारता वागली होती. तिने मोबाइल वडिलांपुढे धरला. "तुमचा आहे. तुम्ही ठरवा."

त्यांनी तो हिसकावून घेतला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि तरातरा खोलीकडे निघाले. दाराशी पोचले आणि थांबले. रागाच्या भरात बाईंसमोर ताठ चालायचं राहून गेलं होतं. एक हात चौकटीवर गेला, मान कॅलेंडरकडे वळली, आणि बऱ्याच वेळाने डावा पाय उचलला गेला. दार बंद झालं.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "इतक्या महिन्यांनी हे असं राहायला नको होतं. उद्याच एक्स-रे काढा."

एक्स-रेला न्यायचं म्हणजे दिव्य होतं. वडील टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि बोटाने दाखवलं: एक स्क्रू सैल होऊन बाहेर सरकला होता आणि प्रत्येक पावलाला आत टोचत होता. "हे घेऊन तुम्ही चालत होता?" डॉक्टरांनी विचारलं. वडील म्हणाले, "मग काय उडणार होतो?"

दुसरं ऑपरेशन ठरलं. तोवर वडील ठकूशी कामापुरतं बोलले. चहा. वर्तमानपत्र. पंखा बंद कर. ती घरात असली की खोलीबाहेर यायचेच नाहीत. ती चाल बघू नये म्हणून. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. ऑफिसात मोठ्या पडद्यावर काजळ्या दिवसभर तिच्यासमोर चालायचा, आणि घरी ज्यांची ती चाल, ते तिला पाऊलही दाखवत नव्हते.

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलच्या खोलीत दोघंच होते. वडिलांना हिरवा गाऊन घातला होता आणि तो पाठीमागून उघडा असल्यामुळे ते भिंतीला पाठ लावून बसले होते.

"राक्षस केलास बापाचा," ते अचानक म्हणाले.

"राक्षस नाही. ड्रॅगन."

"घाबरतात त्याला?"

"खूप."

ते जरा विचारात पडले. "फौंड्रीतही घाबरायचे. पण तिथे मी ओरडायचो तरी. हा तर नुसता थांबतो."

"तुम्ही थांबलात की मी घाबरते, बाबा. पडाल म्हणून. तेच त्यात आलंय." ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. मी खोटं बोलले."

"मीही बोललोच की. दुखत नाही, दुखत नाही." त्यांनी गाऊनची नाडी ओढून पाहिली. "दुखतं म्हटलं असतं तर तू नोकरी सोडून उशाशी बसली असतीस. तुझ्या आईच्या वेळी बसलीस तशी. परत तसं नको होतं मला."

ठकूने त्यांच्या पायांवर चादर ओढली. मग म्हणाली, "चाल बदलू का? अजून वेळ आहे. तुम्ही सांगाल तसं."

"चाल राहू दे. बाई म्हणाली, लोकांना आवडलीय." ते थांबले. "पण ते भुवईचं काढ. ते माझं आहे."

"काढते."

"आणि पुढच्या वेळी विचार."

मग नर्स आली आणि त्यांना घेऊन गेली.

भुवई खाजवणं काढलं तेव्हा प्रमुखाने आकाशपाताळ एक केलं. लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडलं होतं, त्यावर कुणी टी-शर्टही काढले होते. ठकू म्हणाली, ते उसनं आणलेलं होतं, परत केलं. प्रमुखाला काही समजलं नाही. पण दुसरं कुणी काजळ्याला चालवू शकत नव्हतं, हे त्याला चांगलं समजत होतं, म्हणून तो गप्प बसला.

वडील बरे होत गेले. पहिले काही आठवडे कुरकुर केली, मग फिजिओबाईंशी वाद घालायला लागले, आणि हे सुधारणेचं लक्षण आहे असं बाईंनीच सांगितलं. आता "दुखतं का?" विचारलं की ते "दुखतं" म्हणायचे, आणि कुठे, कसं, किती हे इतकं सविस्तर सांगायचे की बाईंना घड्याळ बघावं लागायचं.

गेम बाजारात यायला थोडे दिवस राहिले होते. एका संध्याकाळी दोघं घराजवळच्या बागेत चालायला गेले. वडील पुढे, ठकू मागे. दिवसभर खुर्चीत बसून तिची पाठ धरली होती आणि त्यांच्या वेगाने चालणं तिला जड जात होतं. कारंज्यापाशी त्यांनी वळून पाहिलं.

"काय गं, तो मरतो का शेवटी?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"बापालाही नाही?"

"बापाला तर मुळीच नाही. तुम्ही बाईंना सांगाल."

"छे! मी कशाला सांगतोय?" वडील म्हणाले. चार पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाले, "नुसती मान हलव. हो की नाही. तिच्याशी पैज लागलीय माझी."