नालबंदाची बायको

बाबांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा तिनं दर गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकायला सुरुवात केली. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक खोली होती. तिथं बसून ती बावीस वर्षं कवळ्या घडवत आली होती. हात प्लास्टरनं कायम पांढरे, पण नजर सुईसारखी. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "दर गुरुवारी कुठं गं पळतेस?"

"पणजोबांना शोधायला," ती म्हणाली.

"सापडले तर त्यांच्या कवळीचं माप घेऊन ये," मैत्रीण म्हणाली आणि दोघी हसल्या.

बाबा लिफ्टची दुरुस्ती करायचे. संध्याकाळी कोपरापर्यंत ग्रीस माखून घरी यायचे, हात घासता घासता गोष्ट सांगायचे. आपण साधीसुधी माणसं नाही. तुझे पणजोबा सरदारांच्या घराण्यातले धाकटे चिरंजीव. थोरल्या भावाशी बिनसलं, तसे एका घोड्यावर बसून निघाले ते परत फिरलेच नाहीत. "नुसतं आडनाव घेऊन बाहेर पडले बघ," असं म्हणून बाबा ओल्या हातानं तिच्या नाकावर टिचकी मारायचे. कामावरही ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. "सरदार, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडकलीय, स्वारी निघू द्या!" असं कुणी म्हटलं की बाबा मुजरा करून पाना उचलायचे.

ते गेल्यावर घर खायला उठायचं. निदान गोष्ट तरी हाताशी असावी, कागदावर असावी, असं तिला वाटू लागलं.

दप्तरखाना म्हणजे एक लांबलचक खोली, लोखंडी मांडण्या आणि नाकात जाणारी धूळ. तिथले दप्तरदार सडपातळ होते, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि बोलण्याची हौस दांडगी. तिनं काय हवंय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी एक सणसणीत शिंक दिली.

"ताई, इथं दहा माणसं आली तर नऊ सरदारांची पतवंडं निघतात. चाकराचं पतवंड अजून एकही आलं नाही. मग त्या घरातली एवढी भांडी घासली कुणी, कोण जाणे!"

पण माणूस मनानं चांगला. सरदारांच्या वंशावळीपासून त्यांनी सुरुवात करून दिली. धाकटे चिरंजीव सापडले, पण ते सहाव्या वर्षीच वारले होते. घोड्यावर बसून निघून गेलेला कुणीच नव्हता. तिनं लग्नाची वही पाहिली, दत्तकांची पाहिली. पाच गुरुवार असेच गेले.

सहाव्या गुरुवारी दप्तरदारांनी जरा संकोचतच चाकरमाणसांची वही पुढं केली. "बघा, राग मानू नका."

नोंद तबेल्याच्या पानावर होती. अक्षर वळणदार, शाई तपकिरी झालेली. 'गवतात मूल सापडले. मुलगा. वय आठ दिवसांचे असावे. कोणाचे, ठाऊक नाही. नालबंदाच्या बायकोचे मूल नुकतेच गेले, तिने अंगावर पाजण्यास घेतले. धन्यांच्या परवानगीने घराण्याचे आडनाव लावावे.' खाली पणजोबांचं नाव.

तिनं ते तीनदा वाचलं. रडू आलं ते सरदारकी गेली म्हणून नव्हे. बाबांना आता हे कसं सांगायचं, असं क्षणभर मनात आलं आणि मग बाबा नाहीत हे नव्यानं आठवलं.

वही मिटताना शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद दिसला. ज्यांनी ज्यांनी ती वही मागितली, त्यांच्या त्यावर सह्या होत्या. पाचच सह्या. चौथी बाबांची. शेवटच्या अक्षराला पतंगाच्या शेपटीसारखा फराटा, तिच्या प्रगतिपुस्तकावर असायचा तसाच. तारीख ती आठ वर्षांची असतानाची.

"हे आले होते इथं?" तिनं सहीवर बोट ठेवून विचारलं.

दप्तरदारांनी चष्मा चढवला, सही निरखली आणि आत गेले. जुन्या मागणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले. बाबांच्या एकूण वीस चिठ्ठ्या निघाल्या. एक या वहीची. बाकी एकोणीस मृत्यूच्या नोंदवह्यांच्या, ओळीनं, एक ते एकोणीस. एका फेरीत एकच वही मिळायची. विसाव्या वहीची चिठ्ठी नव्हती.

तिथून ती थेट आत्याकडे गेली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, दुखरे गुडघे शेकत खिडकीशी बसलेली.

"आत्या, बाबांना माहीत होतं?"

आत्यानं शेकायची पिशवी बाजूला ठेवली. "मला सांगितलं होतं त्यानं. ऐकून मी म्हटलं, बरं झालं, आता तरी मिशीला पीळ देणं थांबव. तर हसला नाही. म्हणाला, अक्का, तिनं पाजलं नसतं तर आपण कुणीच नसतो, आणि वहीत तिचं नावसुद्धा नाही. नुसतं 'नालबंदाची बायको'."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगणारच होता गं. म्हणायचा, मृत्यूच्या नोंदीत तरी तिचं नाव असेलच, ते सापडलं की पोरीला सगळं सांगेन, बिननावाच्या बाईची गोष्ट कशी सांगू? मग तुझी आई आजारी पडली. त्याचं तिकडं जाणं सुटलं ते सुटलंच." आत्या खिडकीबाहेर बघत राहिली. "सरदारांची गोष्ट मात्र तू रोज मागायचीस. सांगत राहिला बिचारा."

पुढच्या गुरुवारी तिनं विसाव्या वहीची चिठ्ठी भरली. मग एकविसाव्या वहीची. बाविसाव्या वहीला वाळवी लागलेली. फाटक्या कडांवरून ती बोट फिरवत राहिली. याच टेबलाशी बाबाही बसले असतील, कामावरून तसेच आलेले, कागदाला ग्रीस लागू नये म्हणून बोटं आखडून. काहीतरी बोलावं म्हणून ती दोनदा शेजारच्या खुर्चीकडे वळली.

तेविसाव्या वहीत, मधल्या एका पानावर, डाव्या बाजूला ती होती. 'नालबंदाची विधवा, सरदारांचा तबेला. वय अंदाजे सत्तर. नोंद देणार', पुढं पणजोबांचं नाव, आणि त्यापुढच्या रकान्यात, 'नाते: मुलगा'. आणि 'नालबंदाची विधवा' या शब्दांच्या आधी, स्पष्ट अक्षरात, तिचं स्वतःचं नाव. तीन अक्षरांचं.

दप्तरदार पाठीमागून वाकून बघत होते. "सापडलं?" त्यांनी हळूच विचारलं. तिनं मान डोलावली. त्यांनी पाण्याचा पेला आणून ठेवला आणि कधी नव्हे ते काही न बोलता निघून गेले.

आत्याला तिनं तिथूनच फोन लावला. नाव सांगितलं. बाबा एकोणिसाव्या वहीशी थांबले होते आणि हे तेविसाव्या वहीत निघालं, तेही सांगितलं.

"काय म्हणालीस? परत सांग."

तिनं परत सांगितलं. आत्यानं ते सावकाश स्वतःशीच उच्चारलं, मग जरा मोठ्यानं, लांबून कुणाला हाक मारावी तसं.

"चारच वह्या राहिल्या होत्या गं त्याच्या," आत्या म्हणाली. "चारच."

"हो ना गं," ती म्हणाली. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.