बेरिंग कोणाच्या गळ्यात

आमच्या शहागडात माणूस आजारी पडला तर डॉक्टर शोधावा लागतो. गाडी आजारी पडली तर न्हाई. हायवेच्या कडंला ज्याच्या हातात चहाचा ग्लास तो मेकॅनिक, आणि ज्याच्या हातात ग्लास अन् बिडी दोन्ही, तो हेडमेकॅनिक. मी, रामकिसन, नुसतं गॅरेज चालवतो. मला काय कळतं?

तरी पण दिवाळीपासून धंदा लई बरा चालला होता. फवारणीचे पंप तर इतके दुरुस्तीला येऊन राह्यले होते की ठेवायला जागा पुरंना. मी म्हणलं, राजूरचा गणपती पावला. दर चतुर्थीला मनातल्या मनात हात जोडत होतो. अशात एक दिवस मिथुन आला, टेम्पोत गाडी टाकून.

मिथुन तीर्थपुरीचा. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. माणूस गुणाचा, पण मातीत गाडी उडवायचा नाद. पुण्याच्या कोणाची तरी जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाईक घेतलेली. तिला ना हॉर्न, ना लाईट, आणि सीट एवढं उंच की बसायला ओट्यावरून चढावं. दिवाळीत तिचं इंजन मीच बांधलं होतं. बेरिंगं सगळी नवी टाकली आणि म्हणलं, "आता दोन वर्षं इकडं तोंड दाखवू नको." हा बाबा उन्हाळा लागायच्या आत तोंड घेऊन हजर.

"जयभीम काका. इंजन घरघर करून राह्यलं."

"जयभीम. करू दे की. जात्यानं घरघर केली तर कोणी तक्रार करतं का?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला. इंजनचा आवाज रेकॉर्ड करून बाईकवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता म्हणे. वा! कोल्हापूरच्या माणसानं आवाज ऐकून पिस्टन गेला म्हणून सांगितलं, नाशिकच्यानं क्लच सांगितला, एकानं तर टायरमधी हवा कमी आहे म्हणलं. आणि शेवटी एक महापंडित निघाला. त्याचं म्हणणं मिथुननं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"बेरिंग गेलंय. मेकॅनिकनं डुप्लिकेट माल टाकलाय."

डुप्लिकेट! माझ्या गॅरेजसमोर, रखमाजीच्या चहाच्या टपरीवर, भरल्या लोकांत! तिथं चार ट्रकवाले चहा पिऊन राह्यले होते. चौघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं. ट्रकवाल्यांच्या तोंडी एकदा 'डुप्लिकेटवाला' नाव पडलं की ते संध्याकाळपर्यंत बीडला पोचतं, आणि परत आणायला कोणी जात न्हाई. वीस-पंचवीस वर्षं हात काळे केले ते काय ह्याच्यासाठी? माझं टाळकंच सरकलं.

"ठीक हाये," मी म्हणलं. "आत्ता खोलतो. इथंच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बेरिंग ज्याच्या चुकीनं गेलं असंल, त्याच्या गळ्यात ते दोऱ्यात ओवून घालणार. चूक माझी निघली तर माझ्या गळ्यात."

"चला," रखमाजी म्हणला, "बेरिंगला गळा बघायचा कार्यक्रम हाये आज." आणि त्यानं आणखी दूध तापायला ठेवलं. माणसाला धंदा बराबर कळतो.

मी नेमाचा माणूस आहे. मंगळवारी दाढी करत न्हाई, शनिवारी घरात तेल येऊ देत न्हाई, आणि फरशी धुतल्याबिगर इंजन खोलत न्हाई. लोक हसतात. हसोत बापडे. फरशी धुतली, मंग गाडी चालू केली. थंड असताना आवाज बरा होता. तापली तशी खालून घरघर सुरू झाली. पेचकसाचं टोक इंजनला लावलं, मूठ कानाला लावली आणि जागा बदलत गेलो. सिलेंडरवर आवाज बारीक. खाली क्रँकच्या दांड्यापाशी, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या अंगाला, कानात दळण पडल्यासारखा.

"पिस्टन असंल," रखमाजी लांबून म्हणला.

"तू दुधाकडं बघ, उतू चाललंय."

मॅग्नेटोचं झाकण काढलं. आतलं चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबलं तर हाललं. बेरिंग धडधाकट असलं की हे चाक फिरतं, हालत न्हाई. मंग वरचं सिलेंडर उतरवलं. आता पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड उघडा झाला. तो मी आडवा सरकवला तर जरासा सरकला.

"हालला, हालला!" मिथुन ओरडला. त्याच्या ग्रुपला एवढाच पुरावा पुरला असता.

"अरे राजा, आडवं हाललं तर चालतं. तेवढी जागा ठेवलेलीच असती. नवरा-बायकोत पण ठेवावी लागती. हे बघ आता." रॉड उभा धरून वर ओढला आणि खाली दाबला. टक. टपरीपर्यंत ऐकू गेलं.

"गेलं," रखमाजी म्हणला, जसं काय त्यानंच हुडकलं.

बेरिंगं गेली हे तर खरं झालं. पण काहून गेली? माझं नाव तिथं अडकलं होतं. इंजन फोडून क्रँकचं अन् रॉडचं, दोन्ही बेरिंगं बाहेर काढून ताटलीत ठेवेपर्यंत दुपार कलली. ट्रकवाले हललेच न्हाईत. त्यांच्या मालाची कुठं कोण वाट बघून राह्यलं होतं देव जाणे.

"ऐका," मी म्हणलं. "नवं बेरिंग मरतं ते एकतर माल खोटा म्हणून, न्हाई तर आत माती गेली म्हणून, न्हाई तर तेल मिळालं न्हाई म्हणून. हा बघ कंपनीचा शिक्का, अजून वाचता येतो. गोळ्या बघ, कुठं पापुद्रा निघला का? न्हाई. म्हणजे माल खरा. एअर फिल्टर बघ, माझ्या बनियनपेक्षा साफ. म्हणजे माती न्हाई." मंग मी बेरिंग उन्हात धरलं. कडी निळी-जांभळी झाली होती. "आणि हा रंग बघ. हे जळालंय. कोरडं फिरून फिरून जळालंय."

खात्री करायला सायलेन्सरात बोट घातलं. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरात बोट घातलं की तेलकट काजळ निघालंच पाहिजे. ह्या इंजनला तेलाची वेगळी टाकी नसती, पेट्रोलमधी मिसळून दिलं तेवढंच त्याच्या पोटात जातं. माझं बोट कोरडं निघालं. ते बोट मी आधी ट्रकवाल्यांना दाखवलं, मंग रखमाजीला, मंग मिथुनच्या नाकासमोर धरलं.

"बोल आता, डुप्लिकेट काय हाये? बेरिंग का तू?"

"पण मी तेल टाकतो की काका! तुमच्याच दुकानातून पुडी नेतो, बराबर मापात."

"दर येळेस?"

"दर येळेस." मंग डोकं खाजवत म्हणला, "शनिवार सोडून."

मी दोरा आणायला उठलोच होतो. असा आनंद मला पोराच्या बारशात पण झाला नव्हता. "का रे बाबा? शनिवारी तुझ्या गाडीला सुट्टी असती का?"

"गाडी तर शनिवारीच जास्त चालवतो. दुकान बंद असतं ना माझं. आदल्या दिवसाचं थोडं टाकीत असायचं, वरून नुसतं पेट्रोल टाकायचो."

"अन् हे कोणत्या ग्रुपवर शिकवलं तुला?"

"ग्रुपवर न्हाई." मिथुननं माझ्याकडं बघितलं, मंग दुकानाच्या काउंटरकडं. "काकूनं सांगितलं. आमच्या घरात शनी-बिनी कोणी मानत न्हाई. पण काकू म्हणल्या, आज तेल नेऊ नको, गाडीला एक दिवस उपास घडू दे. मला वाटलं, मेकॅनिकच्या घरचं सांगणं, इंजनचंच काहीतरी असंल. आतून साफ-बिफ होत असंल."

टपरीवर दूध उतू गेलं ते पण कोणी बघितलं न्हाई.

दर शनिवारी मी सामान आणायला जालन्याला जातो. काउंटरवर माझी बायको बसती.

"आगं ए द्वारका!"

द्वारकाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं? काहून वरडून राह्यले?"

"तू ह्याला शनिवारी तेल दिलं न्हाई?"

"न्हाई दिलं. त्याला एकट्यालाच काय, कोणालाच देत न्हाई."

"कोणालाच?"

"कोणालाच. फवारणीवाले येतात, त्यांना पण न्हाई. सांगते, उद्या या."

माझ्या मागं भिंतीपाशी फवारणीचे पंप एकावर एक रचलेले होते. त्यांचं इंजन पण टू-स्ट्रोकच, पेट्रोलमधी तेल मागणारं. मी तिकडं बघायचं टाळलं. राजूरच्या गणपतीला मी काय काय श्रेय देऊन बसलो होतो ते आठवलं, आणि देवासमोर सुद्धा शरम वाटली.

"आगं पण शनिवारी तेल *घरात आणू* नको म्हणलं होतं मी! दुकानातून कोणाला देऊ नको कधी म्हणलं?"

"मंग?" ती कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "लोक ते तेल नेऊन काय नदीत ठेवतात? घरातच नेतात ना? आपल्या उंबऱ्यात साडेसाती नको, अन् आपल्याच गिऱ्हाइकाच्या घरात गेली तर चालती का? मला न्हाई जमत तसलं. नेम तुमचा हाये. मी फक्त नीट पाळला."

 इंजनातलं मला कळतं, मापातलं कळतं, कान लावला की कळतं. हिच्या डोक्याला मात्र पेचकस लावून ऐकता येत न्हाई. एक ट्रकवाला हळूच म्हणला, "वहिनी बराबर बोलल्या." मिथुन बिचारा जमिनीकडं बघत होता. त्याला हसू येत होतं आणि ते दाबायला त्याला लई तरास होऊन राह्यला होता.

"शपथ कोणी घेतली होती?" द्वारकाबाईनं विचारलं. आतून सगळं ऐकून बसली होती म्हणजे!

रखमाजीनं, मोठा उत्साही माणूस, लगेच माझ्याकडं बोट केलं.

तिनं ताटलीतलं बेरिंग उचललं, पदरानं नीट पुसलं. गाड्यांना लिंबू-मिरची बांधायला काळा दोरा आम्ही विकायला ठेवतो, त्यातला हातभर तोडून ओवला. "वाका," ती म्हणली. मी वाकलो. लग्नात हार घालताना तिचे हात कापत होते, हे मला चांगलं याद आहे. आज बिलकुल कापले न्हाईत.

मिथुननं मोबाईल वर धरला. "ग्रुपवर टाकू का काका? म्हणजे तुमच्या मालावरचा आरोप तरी जाईल."

"रामकिसन," रखमाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "माल ओरिजनल हाये ना पण?"

"एकदम ओरिजनल," मी म्हणलं, आणि मान खाली घातली.