खाटेपाशी

“आक्कांचा हँडओव्हर बंद करायचा? वेड लागलंय का तुला?” बाकीच्या नर्स कुजबुजल्या. वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स, जिला सगळे चिमणी म्हणत, ती मान खाली घालून उभीच.

खरं तर बदलाची हौस आक्कांचीच. वॉर्डाच्या या थोरल्या सिस्टर कामात सुधारणा कशी करायची याचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि आता तेच पोरींना शिकवत होत्या. “काय खुपतं ते बिनधास्त सांगा. बदल तुम्हीच करायचा, मी फक्त पाठीशी.” आणि या पोरीनं नेमकं त्यांच्याच अभिमानाच्या गोष्टीवर बोट ठेवलं! हँडओव्हर म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सना पेशंटची माहिती देणं; तेव्हा आक्का टेबलाशी उभ्या राहून सगळ्या वॉर्डाची हकीकत तोंडपाठ म्हणून दाखवत. ते ऐकायला डॉक्टरसुद्धा रेंगाळत. चिमणीचं म्हणणं, हे सगळं खाटेपाशी व्हावं, पेशंटच्या देखत.

आक्कांना लागलं. चांगलंच लागलं. एवढी एक ऐट होती, तीही काढून घेते की काय ही! पण शब्द देऊन बसल्या होत्या. “कर उद्यापासून,” त्या म्हणाल्या. “फजिती झाली तर माझ्याकडे रडत यायचं नाही.”

दुसऱ्या सकाळी, चिमणीबरोबरची रात्रपाळी संपवून, आक्का पहिल्या खाटेपाशी सकाळच्या नर्सना सांगू लागल्या. “आजींना शांत झोप. सलाईन व्यवस्थित.”

“कसली झोप?” आजी म्हणाल्या. “हात ठणकत होता हो.”

“अहो, मग हाक का नाही मारलीत?”

“तुमची धावपळ दिसत होती. म्हटलं, कशाला त्रास? डोळे मिटून पडले.”

चिमणीनं पांघरूण सारलं. सुईपाशी हात टम्म सुजला होता. तिनं पटकन सलाईन थांबवलं. आक्कांचा चेहरा उतरला. मग त्यांनाच हसू फुटलं. “घ्या! आजींनी नापास केलं मला. चल गं चिमणे, पुढची खाट तू सांग.”

आश्चर्य म्हणजे त्यांना वाईट वाटलं नाही. उलट सगळा वॉर्ड एकटीनं लक्षात ठेवायचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

आठवडाभरानं आक्का कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईंपाशी आल्या. आल्यापासून या बाई हो-नाहीपलीकडे बोललेल्या नव्हत्या. आज मात्र केस विंचरून, उशीला टेकून तयार बसल्या होत्या. आक्कांनी तोंड उघडलं, तोच त्यांनी हात वर केला.

“थांबा, सिस्टर. आज माझं मी सांगते.”

आक्कांनी स्टूल ओढलं आणि ऐकायला बसल्या.