साठ ढगळ विजारी

माझा थोरला भाऊ अर्थशास्त्राचा प्रोफेसर. निवृत्त झाला, पण शिकवायचा काही थांबला नाही. पूर्वी विद्यार्थी ऐकायचे, आता मी ऐकतो. माझं शिवणाचं दुकान त्याच्या घराच्या तळमजल्यावर आहे आणि मशीन सोडून मला पळता येत नाही.

त्या वर्षी तर ऐकण्याशिवाय दुसरं काम तरी काय होतं? बाटल्यांचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. पगार थांबला की माणूस आधी नवे कपडे शिवायचं थांबवतो, मग केस कापायचं, मग बाहेरचा चहा. न्हावी माझ्या दुकानात येऊन बसायचा, मी त्याच्या दुकानात जाऊन बसायचो, आणि चहावाल्याची बंद टपरी आम्ही दोघं मिळून बघायचो.

माझी एकुलती एक लेक त्याच कारखान्यात वेल्डर होती. तिला सगळे ठिणगी म्हणतात, अर्धं कामामुळे आणि अर्धं जिभेमुळे. दोन वर्षं तिने लोकांची गेटं आणि सायकली जोडून दिल्या. मग एके दिवशी तिला पत्र आलं. तीन दिवसांच्या प्रवासावर जहाजं बांधायची नवी गोदी होत होती. सहा महिन्यांनी हजर व्हायचं, करार पाच वर्षांचा.

बायकोने डोळ्याला पदर लावला. मी "बघू" म्हणालो. खरं तर मला "जाऊ नकोस" म्हणायचं होतं. पण बिनकामाच्या बापाने बिनकामाच्या लेकीला कुठल्या तोंडाने थांबवायचं? पत्र टेबलावर पडून राहिलं आणि मी त्याच्याकडे न बघता जेवायला शिकलो.

अशात नगरपालिकेने नदीवर पूल बांधायला काढला. जुना पूल गावापासून इतका दूर की पलीकडे जायचं तर वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. गावाला आनंद झाला आणि दादाचा जिना दणाणला.

"मंदीत पूल?" तो खाली येऊन म्हणाला. "तिजोरीत खडखडाट आणि हे कर्ज काढणार. ऋण काढून सण! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?"

"माणसं रिकामी बसलीयत, नदी जागेवर आहे. बांधू देत की," मी म्हणालो.

"खड्डे खणायचे आणि बुजवायचे, त्यालाही रोजगारच म्हणतात, शहाण्या."

हे नुसतं घरातलं भांडण नव्हतं. दादा नगरपालिकेच्या सल्लागार समितीवर होता. सात जणांपैकी एक मत त्याचं. पुलाच्या पहिल्या बैठकीत तो एकटा विरोधात गेला आणि हरला. हरलेला दादा म्हणजे घरात दुप्पट व्याख्यानं.

ठिणगी पुलाच्या कामावर लागली. "जायच्या दिवसापर्यंत हात गंजायला नकोत," असं म्हणाली. आणि मला कामगारांच्या गणवेशाचं काम मिळालं. साठ विजारी, साठ सदरे, मुदत आठ दिवस.

आता माझा एक माज आहे, तो सांगतो. माझ्या मापांच्या वहीत अर्धं गाव आहे. ते साठही जण जुने कारखान्यातलेच, सगळ्यांची मापं माझ्याकडे होती. एकदा घेतलेलं माप मी पुन्हा घेत नाही. टेप लावायला बोलावणं म्हणजे आपल्याच हातावर अविश्वास. मी वही उघडली, कात्री घेतली आणि आठ दिवस मान वर केली नाही. दोन वर्षांनी मशीन असं चाललं की मी शीळ घालत होतो.

नवव्या दिवशी सकाळी मुकादमाचा निरोप आला, असाल तसे या. गेलो, आणि बघतो तर काय! नदीकाठी साठ माणसं उभी. एका हातात फावडं, दुसऱ्या हाताने कमरेला घट्ट धरलेली विजार. खर्च वाचवायला मुकादमानेच पट्ट्याचे लूप नकोत म्हणून सांगितलं होतं. क्रेनवाला लंबू दोन्ही हात लावल्याशिवाय क्रेन चालवू शकत नव्हता, आणि दोन्ही हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती.

"मास्तर," मुकादम ओरडला, "माणसांसाठी शिवलंत की हत्तींसाठी?"

सगळे हसले. मीही हसणार होतो, तेवढ्यात मला ठिणगी दिसली. तीही कंबर मुठीत धरून उभी होती. वहीतली मापं बरोबर होती, पण ती भरल्या पगाराच्या दिवसांतली. माणसं दोन वर्षांत आतून उतरली होती, आणि माझी पोरगी रोज माझ्यासमोर बसून जेवत होती तरी मला ते कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"कापा आणि नीट करा," मुकादम म्हणाला. "आजच्या आज."

मी बायकोला बोलावून घेतलं. आम्ही वाळूवर बसून प्रत्येक विजारीला मागून चुणी घातली आणि धावदोऱ्याने पकडली. प्रत्येकाचं आताचं माप वहीत लिहिलं. कात्री मात्र लावली नाही.

मुकादमाच्या नजरेतून ते सुटलं नाही. "हे कच्चे टाके कशाला?"

"कापलेलं कापड परत मिळत नाही. ही माणसं भरतील, तेव्हा मी टाके उसवून देईन."

"आणि नाही भरली तर?"

"तर माझ्या नावाने खडे फोडा."

संध्याकाळपर्यंत गोष्ट दादापर्यंत पोचली होती. तो हसून हसून पायरीवर बसला. "पी हळद नि हो गोरी! अरे, पूल काढला की माणसं फुगतात होय? यांची कंबर सुटेल ती दुसऱ्या कुणाची तरी आवळून. कर्ज कोण फेडणार?"

"तू फेड," मी म्हणालो.

पाचव्या आठवड्यात लंबू आला. दारात ओणवा होऊन म्हणाला, "मास्तर, जेवल्यावर क्रेनमध्ये बसलं की श्वास अडकतो. जरा सैल करा ना." मी चार टाके उसवले आणि त्याच्या नावापुढे तारखेसकट नवं माप लिहिलं. तो गेल्यावर बायकोसमोर चक्क नाचलो. ती म्हणाली, वय बघा.

मग रीघच लागली. कुणी अर्धा इंच, कुणी एक. आणि नुसती पुलावरची माणसं नव्हेत. लोक दाढी करायला लागले, म्हणून न्हाव्याने माझ्याकडे नवा शर्ट शिवायला टाकला. चहावाल्याने टपरीचं कुलूप तोडलं, कारण किल्ली कुठे ठेवली ते विसरला होता. माझ्याकडे काम इतकं वाढलं की काजं-बटणांसाठी मी समोरच्या मावशींना ठेवलं. ठिणगी कामावरून आली की आधी जेवायची आणि मग बोलायची. तिचे टाके मी दुसऱ्या महिन्यातच उसवले. तिला म्हटलं, "फार खातेस." तिने माझ्या ताटातला घास उचलला.

पण पत्र टेबलावर होतंच. तारीख जवळ येत होती आणि ती हळूहळू सामान काढत होती.

पाचवा महिना संपता संपता घोडं अडलं. नदीत सातांपैकी तीन खांब उभे होते आणि समितीत प्रस्ताव आला: कर्ज वाढतंय, काम थांबवा. तीन जण थांबवा म्हणाले, तीन चालू ठेवा म्हणाले. सातवं मत दादाचं. बैठक शुक्रवारी, आणि ठिणगीची गाडी सोमवारी.

"काम थांबलं तर मी जाते, बाबा," ती म्हणाली. "चालू राहिलं तर बघते. पुन्हा कट्ट्यावर नाही बसणार मी."

मी तरातरा जिना चढलो आणि दादाला नाही नाही ते बोललो. लहानपणी त्याने माझा भोवरा हरवला होता, तोही काढला.

"शिव्या नकोत. पुरावा दे," तो म्हणाला.

मी खाली आलो, मापांची वही घेतली, पुन्हा वर गेलो आणि त्याच्या पुढ्यात आपटली. "घे! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

दादाचे हजार दोष मी सांगेन, पण खोटेपणा त्याच्यात नाही. वही त्याने रात्रीतून वाचली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात स्टुलावर येऊन बसला. येईल त्याला प्रश्न. लंबूला विचारलं, मिळालेल्या पगाराचं काय केलंस? लंबू म्हणाला, दाढी, चहा, पोरांना बूट. न्हाव्याला विचारलं, तू काय केलंस? न्हाव्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मावशींकडे दाखवलं. मावशी म्हणाल्या, "मी नवा चष्मा केला. आधी काजं अंदाजाने करत होते." हे ऐकून मला घाम फुटला.

दादा उठला आणि चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाल्याने छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं, म्हणून तिथून सुताराकडे. सुताराने त्याला लाकडाच्या वखारीत धाडलं. दुपारच्या उन्हात सत्तरीचा प्रोफेसर एका पगाराचा माग काढत गावभर फिरत होता, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा झाला होता. तरीही मला म्हणाला, "याने काहीच सिद्ध होत नाही." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

शुक्रवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दादा उभा राहिला.

"माझं मत बदललेलं नाही," त्याने सुरुवात केली. "कारखाने जोरात असताना हा पूल काढला असता, तर मी आडवा पडलो असतो. तेव्हा ही माणसं कुणाच्या तरी कामावरून ओढून आणावी लागली असती. पण आज ती कट्ट्यावरून उठून आली आहेत. मी सगळ्यांना विचारलं, पूल नसता तर कुठे असता? एकालाही उत्तर देता आलं नाही. आणि रिकामं बसून गेलेला दिवस काही व्याजासकट परत मिळत नाही. दुसरं, अर्धा पूल म्हणजे निव्वळ नदीत टाकलेलं सिमेंट. पुरा झाला तर पलीकडचा माल इकडे येईल. पण बरे दिवस आल्यावर कर्ज फेडायचं विसरलात, तर पहिला ओरडेन तो मी."

"पुरावा काय, प्रोफेसर?" मागून कुणीतरी विचारलं.

दादाने चष्मा सावरला आणि माझी वही उघडली. "साठ कंबरा. पाच महिने. सरासरी वाढ दीड इंच."

सभागृह इतकं हसलं की अध्यक्षांना टेबल बडवावं लागलं. लंबूने तर उभं राहून पोट दाखवलं. दादाने हात वर केला, चार विरुद्ध तीन, आणि एकदाचं गंगेत घोडं न्हालं. मी त्याला मिठी मारली. त्याने "लोक बघतायत" म्हणून मला ढकललं, पण जरा उशिरा ढकललं.

मी धावत घरी आलो. ठिणगी माझ्या आधी पोचली होती आणि बॅग भरत होती.

सहा महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "जाऊ नकोस," मी म्हणालो. "तुझ्याशिवाय मला करमायचं नाही. काम असो, नसो. जाऊ नकोस, बाळा."

ती बॅग तशीच सोडून माझ्याकडे वळली. मग तिचे डोळे भरले आणि ती हसायला लागली. "अहो बाबा, गोदीला नाही म्हणून कळवलं मी, सभेतून येतानाच. ही बॅग पलीकडच्या काठासाठी आहे. मुकादमांनी मला तिकडच्या वेल्डरांची प्रमुख केलंय. तुळया तिकडेच जोडायच्या आहेत, तिथेच खोली दिलीय."

जीव भांड्यात पडला, आणि लगेच भांड्याबाहेर आला. "पलीकडे? म्हणजे अर्ध्या दिवसाचा वळसा! किती दिवस?"

"पूल होईपर्यंत."

दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी आठला मी नदीवर हजर. "मुकादम, जेवायची सुट्टी एवढी लांब कशाला? चौथ्या खांबाचं सिमेंट कुठे अडलंय? तो लंबू क्रेनमध्ये गाणी म्हणतोय, ते बघा आधी!"

मुकादमाने कपाळावर हात मारला. "मास्तर, काम थांबू नये म्हणून तुम्हीच प्रोफेसरांपुढे वही आपटलीत ना? लवकर उरकलं तर ही माणसं पुन्हा रिकामी. प्रोफेसरांनी सांगितलंय, उगाच घाई नको."

"प्रोफेसरांची लेक पलीकडे आहे का? माझी आहे!"

समोरच्या काठावर टोपी घातलेली एक आकृती उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी धरून तिने हाक दिली, "बाबा, दुकानात जा! लोक हसतायत!"

हसत होतेच सगळे. मीही हसत होतो. पण जागचा हललो नाही, पाचव्या खांबाच्या सळया अजून यायच्या होत्या.