घरातली पहिली

"आणि परीक्षा?" आत्यानं विचारलं.

"परीक्षा नाही," मावशी म्हणाली.

"मग तिला येतंय की नाही, ते कळणार कसं?"

"कळतं हो, ताई. रोज जवळ बसलं की कळतं."

आत्यानं भावाकडे पाहिलं. तो टेबलाच्या टोकाला बसून कुठल्याशा फ्रीजचा थर्मोस्टॅट फडक्यानं पुसत होता. म्हणजे ऐकत होता, पण बोलायचं नव्हतं. लहानपणापासून त्याची हीच रीत. बोलायची वेळ आली की हाताला काम लावायचं. पुढे फ्रीज दुरुस्तीचा धंदाच धरला, तेव्हा ते सोयीचंच झालं.

विषय त्याच्या मुलीचा होता. तिला सगळे खारू म्हणत. जेवताना घास गालात धरून ठेवायची म्हणून पडलेलं नाव. सुट्टी संपली की खारू पहिलीत जायची होती. पण परवा भावानं फोनवर सांगून टाकलं की वर्षभर तिला शाळेत घालत नाही, घरीच शिकवायचं. शिकवणार कोण? तर मावशी. मागच्या हिवाळ्यात गेलेल्या त्याच्या बायकोची धाकटी बहीण. पार्लरमध्ये केस कापणारी, नवऱ्याला सोडून आलेली, भाड्याच्या एका खोलीत एकटी राहणारी. खारूसाठी म्हणून तिनं सकाळची पाळी सोडून दुपारची मागून घेतली होती.

तिथेच आत्याच्या मनात पाल चुकचुकली. फुकट कोण कुणासाठी काय सोडतं?

आत्या तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकर होती. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवण ताणून पाहायची, सुटलेला टाका, तिरका खिसा, तेलाचा डाग शोधायचा आणि सापडला की लाल चिकटपट्टी लावून बाजूला टाकायचा. सगळी नोकरी त्यात गेली. माल चांगला आहे, असं तिच्या तोंडून कधी निघत नसे. 'काही सापडलं नाही,' एवढंच म्हणायची. माणसांनाही ती अशीच उलटी करून पाहायची. तिला सांगून आलेली स्थळंसुद्धा तिनं लाल पट्ट्या लावून परत पाठवली, असं भाऊ थट्टेनं म्हणायचा. ती हसायची. कारण ते खरं होतं.

मावशी वर्षाचा बेत सांगत होती. "सुरुवातीला वही-पेन्सिल नकोच. पाणी मोजायचं, चमचे मोजायचे, जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या. अक्षरं आधी मळलेल्या पिठाची करायची, मग वाळूत गिरवायची, मग कागदावर. बाजारात जायचं, वजनकाटा बघायचा. गोष्टी ऐकायच्या. आणि रोज थोडा वेळ काहीच करायचं नाही."

"काहीच नाही?"

"नुसतं बसायचं. दोघींनी."

"आमच्या कारखान्यात त्याला कामचुकारपणा म्हणतात."

भाऊ गालात हसला. मावशीही हसली. आत्याला त्या हसण्यातही तिरकी शिवण दिसली. हिला राग कसा येत नाही? राग न येणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं.

त्यानंतर तिची पाहणी सुरू झाली. बेत ठरवायला दर रविवारी बसायचं होतं, आणि ती एकही रविवार चुकवत नव्हती. एका रविवारी खिडकीपाशी एक बुटकं टेबल आलं आणि सोफा भिंतीला गेला. "उजेड हवा ना लिहायला," मावशी म्हणाली. आत्यानं मनात नोंदवलं : आज सोफा हलवला. पुढच्या खेपेला न्हाणीघरात एक नवा ब्रश दिसला. मावशीनं सांगितलं, खारूला दात घासून दाखवायला ठेवलाय. आत्यानं तेही नोंदवलं. मग दारामागच्या खिळ्याला घराची आणखी एक किल्ली दिसली, तेव्हा मात्र तिनं भावाला स्वयंपाकघरात गाठलं.

"किल्ली दिलीस तिला?"

"सकाळी मी लवकर बाहेर पडतो गं. दार कोण उघडणार?"

"आज किल्ली, उद्या बिऱ्हाड. तू भोळा आहेस."

"ताई, तुझ्याकडेही किल्ली आहे."

"मी बहीण आहे तुझी!"

"तीही बहीण आहे. हिची," तो म्हणाला, आणि नळ सोडून स्वच्छच असलेला कप विसळू लागला.

आत्याला सगळ्यांत जास्त राग होता तो शेजारपाजारच्या बायकांचा. माय मरो, मावशी उरो, असं त्या माना डोलावून म्हणत आणि मावशीकडे कौतुकानं बघत. मावशीच्या वाट्याला केवढी म्हण! आणि आत्याबाईच्या वाट्याला काय, तर मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. भावजय गेल्यावर ते घर उभं कुणी ठेवलं होतं? सामान कुणी भरलं? दवाखान्याची कागदपत्रं कुणी आणली? मुलीच्या वेण्या कुणी घातल्या? तेव्हा ही कुठे होती? पडून होती, रडत. आठवडाभर उठलीसुद्धा नव्हती.

खारू मात्र आत्याचा अभिमान होती. एवढी लहान पोर, पण आईमागे एकदाही रडली नाही. आत्या आली की खुर्चीत पाठ ताठ करून बसायची, ताटातलं सगळं संपवायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही.

"मावशी तुला काय काय सांगते गं?" एकदा आत्यानं हळूच विचारलं.

"काही नाही."

"बाबाबद्दल काही विचारते?"

"नाही."

"तुला शाळेत जायचंय ना?"

खारूनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. कुठलं उत्तर हवंय, ते शोधत असावी. "तू सांगशील तसं," ती म्हणाली.

"शहाणी गं माझी बाय," आत्या म्हणाली.

सुट्टी संपत आली तेव्हा तिनं ठरवलं, आता न सांगता जायचं. उलटा केल्याशिवाय शर्टाचं खरं कळत नाही. पोटाचं निमित्त सांगून कारखान्यातून सकाळीच निघाली, आणि घंटा न वाजवता स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत आली.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतल्या खोलीत भावजयीचं कपाट सताड उघडं होतं. जमिनीवर मावशी पाय पसरून बसली होती, आणि तिच्या अंगात भावजयीचा हिरवा स्वेटर होता. एवढ्या उकाड्यात स्वेटर! खारू तिच्या मांडीत होती, तोंड त्या लोकरीत खुपसून.

"वा!" आत्या दारातून म्हणाली. "आज स्वेटर, उद्या कपाट, परवा घर. आडून आडून कशाला? सरळ सांग ना, तुला काय हवंय."

मावशी काही बोलायच्या आत खारू ताडकन उठली. पाठ वळवून तिनं बाहीनं तोंड पुसलं, केस कानामागे सारले, फ्रॉक खाली ओढला आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली ती दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला ग्लास घेऊन. एक थेंब सांडला नव्हता.

"मी रडत नव्हते, आत्या," ती म्हणाली. "खरंच नव्हते."

आत्यानं ग्लास घेतला. तहान नव्हती, तरी सगळं पाणी प्यायली.

"खारू, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून ये बरं," मावशी म्हणाली. पोर गेली. मावशीनं स्वेटर काढला. मान घामानं थबथबली होती. स्वेटरची घडी घालत ती म्हणाली, "काय हवंय विचारलंत ना, ताई? ती हवीय. माझं म्हणावं असं मला कुणी नाही, खोटं कशाला बोलू? पण घर नको. भावोजी तर नकोतच, एका नवऱ्यात भागलं माझं. आणि हा स्वेटर मला काखेत काचतो. खारू म्हणाली घाल, म्हणून घातला. आईचा वास अजून येतोय का, ते बघायचं होतं तिला."

"आला?" आत्याला विचारायचं नव्हतं. तोंडून निघून गेलं.

"नाही ना," मावशी म्हणाली. "म्हणून तर."

संध्याकाळी भाऊ आत्याच्या घरी आला. पहिल्यांदाच त्याच्या हातात काही नव्हतं.

"ही गेली त्या दिवशी तू खारूला काय सांगितलं होतंस, आठवतं?"

तिला आठवत होतं. घर माणसांनी भरलं होतं, भाऊ भिंतीला टेकून बसला होता, आणि तिनं खारूला आत नेऊन समोर उभं केलं होतं. तू शहाणी ना? मग रडायचं नाही. तू रडलीस तर बाबा आजारी पडेल.

"कुणीतरी सावरायला नको होतं का?" ती म्हणाली.

"सावरलंस. तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. त्याबद्दल नाही म्हणत मी. पण ती अजून सावरूनच बसलीय, ताई. बालवाडीतल्या बाई मला म्हणाल्या, किती शहाणी मुलगी, आवाज म्हणून नाही. त्यांना ते कौतुक वाटलं. घरी मात्र मूठ वळलेली असते, झोपेतसुद्धा. मी विचारलं तर म्हणते, बाबा, तू बरा आहेस ना? मावशी रडते तिच्यासमोर. खुशाल भोकाड पसरते. म्हणून तिच्याजवळ पोरीला जमतं थोडं थोडं. मावशीला मीच विचारलं, एक वर्ष देशील का म्हणून. तिनं नाही मागितलं."

"आणि खारू मला घाबरते?"

"नाही गं," तो म्हणाला. "तुला खूश ठेवते."

आत्या उठली, दिवा लावला, पुन्हा बसली.

"शनिवारची सकाळ तुझी ठेवूया," शेवटी भाऊ म्हणाला. "काहीही शिकव."

"शनिवारी ओव्हरटाइम असतो मला."

ओव्हरटाइम कधीच बंद झाला होता, आणि ते त्यालाही माहीत होतं. त्यानं मान हलवली. तो चपला घालत असताना ती म्हणाली, "तरी लक्ष असू दे तिच्यावर. फार गोड माणसाचा भरवसा धरू नये."

"बरं," तो म्हणाला.

शाळा उघडल्या त्या सकाळी आत्या वाट वाकडी करून भावाच्या इमारतीत शिरली. सगळं वेळेवर सुरू होतंय का एवढं बघायचं, असं तिनं स्वतःला बजावलं. जिना चढून ती दारापाशी पोचली आणि घंटेकडे नेलेला हात तसाच राहिला.

आत खारू रडत होती. मुसमुसणं नव्हे, गळा काढून, श्वास लागेपर्यंत, "आई, आई" करत. मध्ये दुसरा आवाज नव्हता. कुणी गप्प म्हणत नव्हतं, कुणी समजावत नव्हतं. आत्याचे हात शिवशिवले. पाणी द्यावं, तोंड पुसावं, उचलून घ्यावं.

वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशवी घेऊन जिना उतरत आली. "अगंबाई, कोण रडतंय एवढं?"

"आमची खारू."

"बरं नाही का तिला?"

"बरंय. आजपासून शाळा सुरू झालीय तिची."

शेजारणीनं बंद दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग तुम्ही बाहेर काय उभ्या? जा ना आत."

"नको," आत्या म्हणाली. "चालू वर्गात मध्येच शिरू नये."

आणि शेजारणीला उतरायला जागा व्हावी म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.