खोकल्याचं नाव

एक हिरवी खूण. ग्रीसने माखलेला तळहात. शेजाऱ्याचं उघडलेलं पोट. "काका, शीटला हात लावू नका हं!" उचलून वर ठेवलेलं एक नाव.

मित्रांनो, हे तुकडे माझ्याच आयुष्यातले. मी एक जुना पंप आहे. कारखान्याचं पाणी फिरवणाऱ्या चौघांच्या ओळीतला शेवटचा. सुरू होताना खाकरायचो, म्हणून पंप चालवणारे काका मला खोकल्या म्हणत. रोज माझ्या पाठीवर हात ठेवून ते ताप बघत. "काय खोकल्या, तब्येत बरी ना?" बाकीच्यांना ते असं विचारत नसत. मला त्याचा गर्व होता.

मग आमच्या अंगात तापमापक बसले. आता ताप संगणकाच्या पडद्यावर दिसणार होता. पण कुठला ताप कुणाचा, हे संगणकाला सांगावं लागतं. यंत्रं शेकड्यांनी, एकेकाचा दुवा हाताने जोडायचा तर जन्म गेला असता. म्हणून संगणकवाल्या ताईंनी एक एक्सेल शीट केली. डावीकडे यंत्राचं नाव, उजवीकडे त्याच्या तापमापकाचा पत्ता. शीट चढवली की सगळे दुवे एकदम जोडले जाणार. आम्ही चौघं पंप त्यात सुरुवातीलाच होतो.

काका निवृत्त होणार होते. शीटला हात लावू नका असं बजावून ताई चहाला गेल्या, तेव्हा पलीकडच्या काचेच्या खोलीत ते शीटसमोर बसले. "मी गेल्यावर तुला कोण बघणार रे? निदान पहिला तरी दिसशील." त्यांनी माझं नाव उचललं आणि सगळ्यांच्या वर ठेवलं. फक्त नाव. पत्ता जागीच राहिला. बाकी तिघांची नावं एकेक घर खाली सरकली.

ताईंनी शीट चढवली. रिकामं घर एकही नव्हतं. संगणकाने हिरवी खूण दाखवली. पत्ता खरा आहे, एवढंच ती खूण सांगते. तो माझा आहे का, हे तिला काय ठाऊक?

काका निवृत्त होऊन घरी गेले. पाठीवर हात ठेवणारं कुणी उरलं नाही. पुढे माझं बेअरिंग झिजलं, मी तापू लागलो. पडद्यावर ताप दिसला, पण तिसऱ्या पंपाच्या नावावर. फिटरने त्यालाच थांबवून उघडलं.

"ठणठणीत आहे की हा! आणि खोकल्या बघा, गारेगार. म्हातारा आपल्या सगळ्यांना पुरून उरणार!"

सगळे हसले. मी हातभर अंतरावर जळत होतो. त्याच संध्याकाळी मी अडकलो, तो कायमचा.

ताईंनी शीट उघडून पाहिली आणि नावं पुन्हा आपापल्या पत्त्यासमोर नेली. बातमी ऐकून काका आले.

"पोरी, शीट नीट होती ना? मी जरा त्याचं नाव..."

"नीट होती, काका. वय झालं होतं त्याचं."

काकांनी माझ्या गार पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, कुणाचं नाव हलवलंत, तर त्याच्यासमोरचं सगळं त्याच्यासोबत न्या. आणि खूण हिरवी असली, तरी एकदा हात लावून बघा.

मला पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा बटण दाबायला नवखे काका घाबरले होते; आधी त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.